पाम बीचची मास स्टार्ट

बुधवारची रात्र

रविवारी नवी मुंबईत पाम बीच रोडवर ज्युनिअर गटाची मास स्टार्ट होती, म्हणजे सगळ्यांनी एकदम सुटायची सायकल रेस. सांगलीहून मुंबईला जाणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये सायकल चढवायची तर पहिली झटापट क्लीनरशी. "चाकं काढलीत? मग दोनशे द्या." दीडशेवर मिटलं. फ्रेमला आजीची जुनी वाकळ गुंडाळली होती. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग, तो हँगरवरून (फ्रेमच्या ज्या कानाला तो लटकतो) सोडवून फ्रेमच्या मागच्या खालच्या नळीला सुतळीनं बांधून टाकला, कारण डिकीत कुणाचं तरी पोतं नेमकं तिथंच येऊन पडणार हे ठरलेलं. हँगर वाकला की गिअर आपल्या मर्जीनं उड्या मारायला लागतात, आणि परगावी रेसच्या तोंडावर तो सरळ करून देणारा माणूस हुडकत फिरायला कुणाला वेळ आहे?

पहाटे घाटात जाग आली. बस एक्स्प्रेस वेनं उतरत होती. शिंगरोबाच्या देवळाचा जुना रस्ता तिथंच कुठंतरी अंधारात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. आमच्याकडचे जुने सायकलवाले एखाद्या म्हाताऱ्याची ओळख करून देताना तो शर्यतीत कितवा आला ते सांगत नाहीत. 'हा घाटाचा राजा होता' एवढंच म्हणतात आणि पुढं चहाचं बघतात. मला तो किताब नेहमी थोडा फसवा वाटतो. घाटात राजा झालेला माणूस पुण्यात पहिला पोचतोच असं नाही. वर चढताना जो सगळं जाळतो, त्याच्या चाकाला चिकटून दुसराच कुणीतरी आरामात खाली येतो.

गुरुवार

नेरुळ एलपीला बस थांबली तेव्हा उजाडायचं होतं. काका स्कूटर घेऊन आले होते. चाकं त्यांच्या पायाशी, फ्रेम माझ्या खांद्यावर, अशी वरात मावशीच्या सोसायटीत शिरली. वॉचमननं वहीत 'सामान : सायकल (सुटी)' असं लिहून घेतलं.

मावशीनं हॉलमध्ये आधी पेपर अंथरले, मगच आत घेतलं. दुपारपर्यंत सायकल उभी राहिली. डिरेलर शाबूत. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो तर पाम बीच रोडवर गाड्यांचा असा लोंढा, की सर्व्हिस रोडवरूनच परत फिरलो. इथं सायकलवाल्यांचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो आणि सातला संपतो. दिवसभरात सांगण्यासारखं दुसरं काही घडलं नाही. मावशीच्या हातची ज्वारीची भाकरी मिळाली, ती मात्र अगदी घरच्यासारखी.

शुक्रवार

ठाण्याचा एक जण ओळखीचा आहे. मागच्या हंगामात एका रेसमध्ये आम्ही दोघंही बंचमधून, म्हणजे मुख्य घोळक्यातून, मागं पडलो होतो आणि शेवटी पिकअपच्या मागं बसून एकमेकांना शेंगदाण्याची चिक्की दिली होती. त्याला इथं ठाणेकरच म्हणतो. बंचमध्ये तसंही कुणाला नावानं हाक मारत नाहीत; गाव नाहीतर जर्सीचा रंग. त्याचा निरोप होता, "येऊरला ये. पाय उघडतील."

नेरुळहून पहाटे ठाणे-बेलापूर रोड धरला. महापे, घणसोली, रबाळे, ऐरोली. उजव्या हाताला एमआयडीसीचे कारखाने, मधेच नाकात शिरणारा रसायनाचा वास, कंपन्यांच्या बस. दिघा, विटावा मागं टाकून कळवा पुलावरून खाडी ओलांडली आणि ठाण्यात शिरलो. उपवन तलावावर ठाणेकर उभा होता, सोबत त्याचे बाबा स्कूटरवर. बाबांनी माझ्या सायकलकडं एक नजर टाकली आणि म्हणाले, "टायर बदलायला झालाय." ते खरं होतं.

येऊरचा चढ लांब नाही, पण उपवन सुटलं की वनखात्याच्या नाक्यापासून रस्ता झाडीत शिरतो आणि वळणावळणानं वर जातो. हा सगळा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतला. कठड्यावर माकडं ओळीनं बसलेली. रेसच्या दोन दिवस आधी जीव काढायचा नसतो. सरांनी, म्हणजे माझ्या प्रशिक्षकांनी, फोनवर बजावलं होतं, "एकदा मध्यम चढ, एकदा जोरात चढ, आणि घरी जा."

पहिल्यांदा चढताना मी मुद्दाम मागं राहिलो. मला चढापेक्षा ठाणेकराला बघायचं होतं. दोन दिवसांनी आम्ही एकाच बंचमध्ये असणार. ज्युनिअरमध्ये टीम कागदावर असते, रस्त्यावर जो तो आपापला. अशा वेळी कोण कसा थकतो हे माहीत असणं मोठी ठेव असते. ठाणेकर सीटवर बसूनच चढतो, क्वचित उठतो. चढावर त्याचं डोकं हलत नाही, खांदे हलत नाहीत. वरच्या पाड्याजवळ मात्र एक गोष्ट दिसली. श्वास वाढायला लागला की त्याचा उजवा गुडघा बाहेर फेकला जातो. टॉप ट्यूबला (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीला) घासून जाणारा गुडघा एकदम चार बोटं बाहेर. चेहऱ्यावर काही नाही, बोलणं व्यवस्थित, पण गुडघा सांगून टाकतो. दुसऱ्या चढाईला जोर लावल्यावर पुन्हा तेच झालं, जरा लवकर.

मी त्याला हे सांगितलं नाही. मैत्री आहे म्हणून काय झालं!

उतारावर तो टॉप ट्यूबवर बसायला लागला तसे मागून येणारे त्याचे बाबा ओरडले. यूसीआयनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं, 2021 मध्ये ते बसणं रेसमध्ये बंद केलं, पण बाबांचा मुद्दा माकडांचा होता.

नंतर मामलेदार मिसळ. सरांचा हुकूम होता, "मिसळ खाल्लीस तर रेसला उभा राहू नकोस." ठाणेकरानं माझ्यासमोर बसून वाटीभर जास्तीचा रस्सा ओतून घेतला. मी पाव खाल्ला, ताक प्यालो आणि उन्हं चढायच्या आत नेरुळ गाठलं.

शनिवार

सर आले. तुर्भ्याला त्यांचे साडू राहतात, तिथं उतरले. पहाटे कोर्स बघायला गेलो.

कोर्स सरळसोट. पाम बीच रोडची खाडीकडची बाजू बंद करणार. किल्ले गावठाणच्या चौकातून निघायचं, सारसोळेला यू-टर्न, परत किल्ल्याला यू-टर्न. मधे प्लास्टिकचे शंकू लावून त्याच बाजूचे दोन भाग. दहाएक किलोमीटरचा एक लॅप, ज्युनिअरला पाच. घाट नाही, चढ नाही, एक पूलसुद्धा धड नाही. काका म्हणाले, "मग यात डोकं कुठं लावायचं? जो जोरात मारेल तो जिंकेल."

सरांनी काकांना चहा होईपर्यंत समजावलं. सायकलवाल्याची खरी लढाई हवेशी. वेग दुप्पट केला तर हवा कापायला ताकद आठपट लागते. ताशी चाळीसनं पळताना कुणाच्या चाकामागं हातभर अंतर ठेवून बसलं तर साधारण तिसरा हिस्सा ताकद वाचते, मोठ्या बंचच्या पोटात याहून कितीतरी जास्त. म्हणजे जो पुढं ओढतो तो मागच्यांचं बिल भरतो. "मग सगळेच मागं बसतील की," काका म्हणाले. सर हसले. "ज्युनिअरमध्ये नाही बसत. आईबाप बघायला आलेले असतात."

काकांना गिअरचंही कुतूहल. पूर्वी ज्युनिअरला गिअरवर बंधन होतं. पेडलच्या एका फेरीत सायकलनं 7.93 मीटरपेक्षा जास्त जायचं नाही, म्हणजे 52 बाय 14, पुढं 52 दात आणि मागं 14. रेसआधी सायकल उलटी ढकलून टेपनं मोजायचे. यूसीआयनं 2023 पासून ते काढून टाकलं. सरांना ते आवडलेलं नाही. मिनिटाला शंभर फेऱ्या मारल्या तर त्या गिअरवर ताशी साडेसत्तेचाळीस किलोमीटर निघतात. ज्याला अजून मिसरूड फुटलं नाही त्याला याहून जास्त कशाला हवं, असं त्यांचं मत. सगळे 11 दातांची चक्री लावून गुडघे झिजवतात. मी गप्प बसलो, माझ्याही मागच्या चक्र्यांत 11 आहे.

पहाटे वारा अगदी मंद होता, उजव्या हाताच्या पारसिकच्या डोंगराकडून येणारा. सारसोळेकडं जाताना डावीकडं कांदळवन, त्यापलीकडं खाडी. टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या बाजूच्या पाणथळीत रोहित पक्षी उभे होते, लांबून फिकट गुलाबी रेघ. तिथं थांबून फोटो काढणारे बरेच. सरांनी थांबू दिलं नाही. आम्ही यू-टर्नवरच थांबलो. तिथं मी आठ-दहा वेळा वळून बघितलं. बाहेरून शिरायचं, ब्रेक वळायच्या आधी संपवायचा, मागं दोन दात हलका गिअर आधीच टाकायचा. वळण उजवीकडचं, म्हणून उजवं पेडल वर, डाव्यावर सगळा भार, आणि नजर शंकूवर न ठेवता बाहेर पडायच्या वाटेवर. नजर शंकूवर गेली की सायकल शंकूवर जाते.

संध्याकाळी नंबर वाटप. चार पिना देतात. मी घरून आणखी चार नेल्या होत्या. फडफडणारा नंबर पाठीवर शिडासारखा हवा धरतो.

रविवार

कागदावर आमची रेस सव्वासातला होती. आधी लहान मुलांची, मग 'हौशी'. हौशींना झेंडा दाखवायला येणारे पाहुणे आठ वाजून गेले तरी आले नाहीत. आम्ही फुटपाथवर रोलर नसलेले वॉर्मअप करत राहिलो, म्हणजे शंभर मीटर पुढं, शंभर मीटर मागं. दोन केळी होती ती वेळेआधीच संपली. शेवटी पावणेदहाला आम्हाला लाइनवर उभं केलं आणि तिथंच पंचांनी सांगितलं, पोलिसांना रस्ता सोडायचाय, पाच नाही, चारच लॅप.

पस्तीस-चाळीस पोरं एकदम कुरकुरली. मला मात्र दोन गोष्टी सुचल्या. एक लॅप कमी म्हणजे कुणीच दमणार नाही, सगळे स्प्रिंटला ताजे. आणि दुसरी, वारा. महापालिकेच्या इमारतीसमोरचा उंच तिरंगा सकाळी खांबाला चिकटून होता. आता त्याचं टोक सुटायला लागलं होतं, आणि ते डोंगराकडं वळत होतं. उन्हं चढली की जमीन तापते आणि वारा खाडीकडून आत यायला लागतो. आम्ही वेळेवर सुटलो असतो तर हे घडायच्या आत घरी गेलो असतो.

पहिला लॅप सर म्हणाले तसाच. आईबाप बघायला आलेले. किल्ल्यावरून सुटताच तिघं-चौघं जीव खाऊन पुढं, मागं सगळा बंच ओढला गेला. मी पाचव्या-सहाव्या चाकावर. सारसोळेच्या वळणावर पहिला पंचवीसनं वळला, मी बाविशीनं. वळून येताना शेजारून जाणारे बघितले तर शेपटाकडचे जवळजवळ उभे राहिले होते. एक जण पाय टेकवून. पुढच्यांनी वळून पेडल मारायला सुरुवात केलेली असते तेव्हा शेवटचा अजून ब्रेक दाबत असतो, आणि मग त्याला ती दरी स्प्रिंट मारून भरून काढावी लागते. प्रत्येक लॅपला दोन वेळा. मागं बसून ताकद वाचते हे खरं, पण किती मागं हे कोर्स ठरवतो. यू-टर्नच्या कोर्सवर तिसाव्या नंबरचा माणूस पुढच्यापेक्षा जास्त दमतो.

दुसऱ्या लॅपपर्यंत वारा नीट फिरला. सारसोळेकडं जाताना तो डावीकडून, समोरून यायला लागला. आता आसरा पुढच्याच्या बरोबर मागं नव्हता, त्याच्या उजव्या खांद्यामागं होता. ज्यांना हे कळलं ते तिरके सरकले; ज्यांना कळलं नाही ते सरळ रांगेत हवा खात राहिले. जागा दीड लेनची, म्हणून तिरकी रांग चार-पाच जणांतच शंकूंना टेकायची. वेग पडला, तिशीवर आला. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यात एका लाल जर्सीनं त्या समोरच्या वाऱ्यात अटॅक मारला. सगळ्यांना वाटलं, गेला. कुणी हललं नाही. तीन-चारशे मीटरवर तो स्वतःच्या वेगानंच परत आला.

उलट परतीच्या दिशेला वारा पाठीशी. तिथं अठ्ठेचाळीस-पन्नास सहज. पाठीवर वारा असला की बंचला आसऱ्याचा फायदा कमी मिळतो. एकट्या-दुकट्याला आणि चाळीस जणांना जवळजवळ तितकाच घाम. म्हणजे पळून जायचं तर याच दिशेला. आणि याच दिशेची सुरुवात सारसोळेच्या यू-टर्नपासून. वळण पहिलं काढणाऱ्याला मागच्यांच्या ब्रेकमुळे दहा-पंधरा सायकलींचं अंतर फुकट मिळतं. फुकट मिळालेलं अंतर, पाठीवर वारा, पुढं पाच किलोमीटर, आणि मागं सगळे स्प्रिंटर एकमेकांच्या तोंडाकडं बघणारे. माझा स्प्रिंट बेताचा. चाळीस जणांच्या स्प्रिंटमध्ये मी आठवा-नववा.

तिसऱ्या लॅपला ठाणेकराच्या शेजारी गेलो. बोलायला फार श्वास नव्हता. "शेवटच्या टर्नला," एवढंच म्हणालो. त्यानं बाटली तोंडाला लावली आणि मान हलवली.

शेवटच्या लॅपला समोरच्या वाऱ्यात मी दहाव्या चाकापर्यंत मागं गेलो, पाणी संपवलं, रिकामी बाटली टाकून द्यायचा मोह आवरला (साडेतीनशेची आहे). सारसोळे पाचशे मीटरवर राहिल्यावर उजव्या बाजूनं वर आलो. ठाणेकर तिथंच होता. वळणात तो पहिला शिरला, मी दुसरा. बाहेर पडताना दोघंही उभे राहून मारत सुटलो. वीस-पंचवीस पेडल झाल्यावर मागं बघितलं, बंच अजून वळणात. पण माझ्या चाकाला एक जण चिकटलेला होता. पिवळी जर्सी, पुण्याचा.

दोन किलोमीटर ठाणेकर आणि मी आलटून पालटून ओढत होतो. माझी पाळी संपली की मी बाजूला व्हायचो, कोपर हलवून पुणेकराला पुढं ये म्हणायचो. तो मान हलवायचा. "संपलोय रे. पाय गेले. तुम्हीच न्या." ठाणेकरानं त्याला दोन शिव्या घातल्या. आवाज केविलवाणा होता, चेहरा मला दिसत नव्हता. पण कान उघडे होते. माझ्या मागच्या चाकाच्या मागं, वाऱ्याच्या आवाजातसुद्धा, त्याच्या फ्री-व्हीलची टिक टिक टिक ऐकू येत होती. पेडल मारायचं थांबलं की मागच्या चाकाचा हब वाजतो. ताशी अठ्ठेचाळीसला पाय गेलेला माणूस पेडल मारत राहतो, नाहीतर चाक सुटतं. हा मधून मधून पेडल थांबवत होता, कारण तसं न केल्यास माझ्यावर येऊन आदळला असता.

म्हणजे पहिला नंबर कुणाचा ते त्या टिकटिकीनं सांगितलंच होतं. आता मी काय करायचं? ओढायचं थांबवलं तर तिघंही एकमेकांकडं बघत बसणार आणि मागून बंच येणार. त्यात मी आठवा. ओढत राहिलो तर वाईटात वाईट तिसरा. हिशोब सोपा होता. मी ओढत राहिलो.

किल्ल्याला दीड किलोमीटर असताना ठाणेकराचा उजवा गुडघा बाहेर आला. येऊरला दिसला होता तसा, चार बोटं. तो अजून पूर्ण जोरानं पाळी घेत होता, पण दोन-तीन पाळ्यांत तुटणार होता. तो तुटला असता तर मला एकट्याला पुणेकराला पाठीवर घेऊन जावं लागलं असतं. मग मी माझ्या पाळ्या लांबवल्या, त्याच्या आखडत्या घेतल्या. "श्वास घे," म्हणालो. त्याला वाटलं मी चांगला मुलगा आहे.

पाठीवर वारा असला की स्प्रिंट लांबून काढावा. तीनशे मीटरचा फलक दिसला आणि पुणेकर गेला. मी तयार होतो, त्याच्याच चाकावर बसलो. शंभर मीटरवर बाहेर काढली, त्याच्या मागच्या चाकाला माझं पुढचं लागलं, मग त्याच्या पेडलच्या कण्यापर्यंत गेलं, तिथंच राहिलं. तो पहिला, मी दुसरा, ठाणेकर तिसरा. बंच आमच्या मागं सातेक सेकंदांवर आदळत आला.

लाइनपलीकडं खरी रेस सुरू झाली. ठाणेकराचे बाबा पुणेकराच्या प्रशिक्षकांशी भांडायला गेले. "एक किलोमीटर ओढला नाही तुमच्या पोरानं! ही काय रेस झाली?" पुणेकर टायर बघण्याचं नाटक करत खाली मान घालून उभा होता. सरांनी बाबांना बाजूला घेतलं. "ओढलंच पाहिजे असं नियमात कुठं आहे? त्याच्या मागं बंचमध्ये त्याचा दोस्त स्प्रिंटर होता. तो कशाला ओढेल?" हे मलाही तेव्हाच कळलं. मागं आपला माणूस असला की पुढं पळालेल्यांच्या चाकामागं फुकट बसायचा हक्कच मिळतो. पुणेकराच्या जागी मी असतो तर मीही पाय गेल्याचं सांगितलं असतं, आणि बहुधा पेडल न थांबवता ब्रेकला अलगद बोट लावून वेग जुळवला असता, म्हणजे टिकटिक झाली नसती.

बक्षीस समारंभाला पुन्हा पाहुण्यांची वाट. ट्रॉफी, पाकीट आणि एक टॉवेल मिळाला. ठाणेकर माझ्याशी हात मिळवताना म्हणाला, "शेवटी तू मला सांभाळलंस." मग मी त्याला गुडघ्याचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "बुटाखालची क्लीट फिरवून बघतो."

सोमवार

पाकिटातल्या पैशांतून वाशीला जाऊन मागचा टायर घेतला. ठाणेकराच्या बाबांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "पुढचाही घे."

रात्रीच्या बससाठी सायकल पुन्हा सुटी केली. मावशीनं पेपर परत अंथरले. पुणेकराचा मेसेज आला होता, पुढच्या महिन्यात त्यांच्याकडं मास स्टार्ट आहे, कोर्सवर एक घाट आहे, राहायची सोय तो करेल. मी 'येतो' म्हणून कळवलं आणि लगेच ठाणेकराला फोन लावला. त्या घाटात सपाटीला यायच्या आधीच पुणेकराला सोडायचा, आणि तो पाय गेले म्हणाला तर दोघांनी मिळून एक गिअर जड टाकायचा, एवढं ठरलं. क्लीनरनं या वेळी अडीचशे मागितले.